ओतिलिया नावाची बरणी

१

अध्यक्ष सेउ आर्नो काचेच्या नरसाळ्याला नाक लावून इतका वेळ बघत राहिले, की त्यांच्या श्वासानं काच धुरकटली. त्यांनी ती बाहीनं पुसली आणि पुन्हा बघितलं. आत काहीही झालेलं नव्हतं.

व्हायला हवं होतं ते असं: वर सोनेरी बायोडिझेल, खाली काकवीच्या रंगाचं ग्लिसरीन आणि दोघांच्या मध्ये सुरीनं कापावी तशी रेघ. प्रत्यक्षात सोयाबीनचं तेल आणि गुरांची चरबी सकाळभर तापवून-ढवळूनही जशीच्या तशी होती. वर मिथेनॉलचा पातळ थर पाहुण्यासारखा बसून राहिला होता. कुणी कुणाशी बोललंच नव्हतं.

आमच्या प्रयोगशाळेतली जांदिरा नरसाळ्याच्या बाजूला उभी होती. तिच्या हातात अजून बरणीचं झाकण होतं. तिनं ते खाली ठेवायला हवं हे तिला सुचत नव्हतं आणि मला सांगवत नव्हतं.

मी लुर्देस. पासो दा फिगेइराच्या सहकारी संस्थेच्या बायोडिझेल कारखान्यात तेल तपासते. आमच्याकडे मान द्यायला पुरुषाला 'सेउ' आणि बाईला 'दोना' म्हणतात. आमच्या या दक्षिण ब्राझीलमध्ये सोयाबीन आणि गुरं दोन्ही उदंड, त्यामुळे तेलाला तोटा नाही आणि चरबीलाही नाही. अडतं ते उत्प्रेरकापाशी. तेल आणि मिथेनॉल एकमेकांत मिसळायला राजी नसतात. उत्प्रेरक म्हणजे त्यांचं लग्न जुळवणारा मध्यस्थ. आम्ही तो पिंपांमधून बाहेरून आणतो, आणि तो असा जहाल, की त्याच्या पिंपाजवळ जाताना नेल्सोसारखा धिप्पाड गडीही सासरी निघाल्यासारखा हळूहळू पावलं टाकतो.

जांदिरानं दुसरा मध्यस्थ शोधला होता. अंड्यांची टरफलं. धुवायची, वाळवायची, दळायची आणि लाल होईस्तोवर भट्टीत भाजायची. मग उरतो तो पांढराशुभ्र कळीचा चुना. काम झालं की गाळून बाजूला काढता येतो. टरफलं कॅन्टीनच्या दोना ओतिलियाकडून यायची, म्हणून जांदिरानं उत्प्रेरकाचं नावच 'ओतिलिया' ठेवलं. बरणीवर ठळक अक्षरांत तसं लिहून टाकलं.

आज संचालक मंडळासमोर त्या बरणीची परीक्षा होती, आणि ओतिलिया सपशेल नापास झाली होती.

"या पोरीनं संस्थेला चुना लावला," खरेदीप्रमुख गिल्मार म्हणाला. आपल्याच विनोदावर तो एकटाच हसला.

"आधीचे नमुने मी तपासलेत," मी म्हटलं. "उत्तम होते."

"नमुने तपासलेत हो, दोना लुर्देस. पण ते आले कुठून? मोठ्या टाकीतलं डिझेल बाटलीत भरून तुमच्यापुढे ठेवलं असेल, तर तेही उत्तमच निघणार."

नमुने दर वेळी जांदिरानंच आणून दिले होते.

"दुपारी बैठक आहे," सेउ आर्नो कुणाकडेही न बघता म्हणाले. "तेव्हाच काय ते ठरवू. जांदिरा, तुझी खोली आवरून ठेवलीस तर बरं."

२

सेउ बेलार्मिनो तेवढा वेळ कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. ते आमच्या देखरेख समितीवर आहेत. त्याआधी सगळा जन्म विमा कंपनीत गेला. जळालेली कोठारं आणि बुडालेली गुरं बघत ते जिल्हाभर हिंडायचे, आणि आग आपोआप लागली की कुणी लावली ते सांगायचे. काखेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात शिमारांवचा तुंबा असल्याशिवाय त्यांना मी कधी पाहिलेलं नाही. शिमारांव म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा. एकच तुंबा, एकच नळी, आणि तो सगळ्यांत फिरतो.

"आर्नो, बैठकीपर्यंतचा वेळ मला दे," ते म्हणाले.

"काय करणार आहेस?"

"शिमारांव पाजणार आहे."

प्रयोगशाळेत ते, मी आणि जांदिरा असे तिघंच उरलो. त्यांनी पहिला तुंबा स्वतः संपवला, दुसरा भरून जांदिराला दिला. ती उत्तरेकडची, समुद्रकाठच्या उष्ण मुलखातली. आमच्या थंडीत दोन स्वेटर घालून वावरते. तिनं तो कडू घोट शहाण्या मुलीसारखा संपवला, तुंबा परत केला आणि म्हणाली, "आभारी आहे."

सेउ बेलार्मिनोंनी मान डोलावली आणि पुढचा तुंबा मला दिला. आमच्याकडे तुंबा परत देताना आभार मानले, की मला आता नको, असा अर्थ होतो. आणखी हवा असेल तर गप्प राहून परत द्यायचा. जांदिराला हे कुणी सांगितलंच नव्हतं. आल्यापासून ती दर वेळी सगळ्यात आधी आभार मानायची आणि दर वेळी एकाच तुंब्यावर तिची बोळवण व्हायची. बिचारीला वाटायचं आम्ही कंजूष.

"आता सांग," सेउ बेलार्मिनो तिला म्हणाले. "बरणी उघडलीस तेव्हा काय वाटलं?"

"भुकटी जरा पिवळट वाटली. म्हटलं, दिव्याचा उजेड असेल. सगळे बघत होते. म्हणून तशीच टाकली." ती त्यांच्याकडे वळली. "सेउ बेलार्मिनो, मी खोटं केलेलं नाही. ते चालत होतं. दर वेळी चालत होतं. मी इथून गेले तरी चालेल, पण ती खोटारडी पोरगी, असं म्हणून नाही."

"बरणीत थोडं उरलंय?"

उरलं होतं. त्यांनी चमचाभर भुकटी बशीत घेतली आणि थर्मासातलं पाणी निवून कोमट झालंय का ते बघून त्यावर चार थेंब टाकले. ताज्या कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो फणफणतो, हात भाजेल इतका तापतो. घराला सफेदी करताना ज्यानं पिंपात चुना विरवलाय त्याला हे सांगावं लागत नाही. सेउ बेलार्मिनोंनी बशीखाली बोट ठेवलं. मग माझं बोट धरून तिथं लावलं.

बशी थंडच होती.

"दोना लुर्देस, कॅन्टीनमधून वाटीभर व्हिनेगर आणता का?"

कॅन्टीनमध्ये ओतिलिया दोन्ही हात पिठात घालून उभी होती. "सॅलडला एवढ्या लवकर?" म्हणाली. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. तिनं पिठाच्याच हातानं माझ्या तोंडात भोपळ्याच्या मिठाईचा एक तुकडा कोंबला. "खा. पोरीच्या यशाचं आहे. परातभर केलंय. कसं झालं? पास झाली ना?"

माझं तोंड भरलेलं होतं ही देवाची कृपा. मी नुसती मान हलवली. ती कुठल्या बाजूला हलली ते मला माहीत नाही.

परत येऊन वाटीतलं व्हिनेगर ग्लासात ओतलं आणि त्यात भुकटी टाकली. सोड्याची बाटली उघडावी तसा ग्लास फसफसून वर आला. जांदिरा खुर्चीतून उठलीच.

"हा चुना नाही," ती म्हणाली. "हा भाजलेलाच नाही! ही नुसती कच्ची चुनखडी आहे."

"म्हणजे बरणीतला माल कुणीतरी बदलला," सेउ बेलार्मिनो शांतपणे म्हणाले. "आता मला सांगा, या कारखान्यात चुनखडीची पोती कुणाच्या ताब्यात असतात?"

शेतात टाकायची चुनखडी. आमची आंबट माती गोड करायला प्रत्येक सोयाबीनवाला नेतो. पोत्यांची थप्पी छतापर्यंत आहे, आणि त्या गोदामाची किल्ली गिल्मारच्या कमरेला असते.

३

गिल्मार आला तो बूट आपटतच. बुटांवर पांढरी धूळ होती, पण ती त्याच्या बुटांवर बारा महिने असते.

सेउ बेलार्मिनोंनी त्याला तुंबा दिला. त्यानं दोन घोटांत संपवला. "आभारी," म्हणाला आणि उभाच राहिला.

"इतक्यात पुरे?"

"पित्त झालंय. आणि मला कामं आहेत. विचारा काय ते."

"काल या खोलीत आला होतास?"

"आलो होतो." त्याच्या मानेवर लाली चढली. "सकाळी. बघायला. मला काय डोळे नाहीत? जिच्यासाठी माझी पिंपं बंद करायची म्हणतात, ती बरणी कशी दिसते ते बघायला आलो. पण बरणी नव्हतीच."

"नव्हती?"

"फळीवर जागा मोकळी होती. गोल ठसा होता धुळीत. मला वाटलं, बाईसाहेब उशाशी घेऊन झोपत असतील."

"खोली उघडी होती?" मी विचारलं.

"दोना लुर्देस, या खोलीची किल्ली कॅन्टीनच्या खिळ्याला टांगलेली असते. बाटल्या तिथं धुता ना तुम्ही? गावातलं कुत्रंही येऊन जाईल."

हे मात्र खरं होतं.

"मी एखाद्याला हाकलायचं म्हटलं तर तोंडावर हाकलतो," गिल्मार दारातून म्हणाला. "बरण्यांत माती कालवत बसत नाही."

त्याच्यामागून नेल्सो आला. मोठ्या टाकीवरचा हा गडी. जांदिराशी त्याचं महिन्यापूर्वी कडाक्याचं वाजलं होतं, कारण त्यानं ओला डबा वापरला आणि तिनं सगळ्यांदेखत त्याला झापलं. तो येऊन ऐसपैस बसला. त्यानं एक तुंबा संपवला आणि गप्प राहून परत दिला. दुसराही. तिसरा हातात घेऊन म्हणाला, "माझ्यावर संशय आहे ना?"

"आहे," सेउ बेलार्मिनो म्हणाले.

"असू दे. असायलाच पाहिजे. पोरगी मला बोलली तेव्हा मी आठवडाभर तिचं तोंड बघितलं नाही." त्यानं नळी ओढली. "पण बोलली ते बरोबर होतं. त्या ओल्या डब्यानं अख्ख्या टाकीचा साबण झाला असता आणि माझी नोकरी गेली असती. तिनं झापलं, पण वर कळवलं नाही. मी विसरलेलो नाही ते."

जांदिरा त्याच्याकडे बघतच राहिली.

"काल काही दिसलं?"

"जेवणाआधी नमुना द्यायला आलो तेव्हा बरणी फळीवर नव्हती. जेवणानंतर आलो तर होती. काठोकाठ भरलेली. मी म्हटलं, पोरीनं नवीन माल भाजला वाटतं."

"काठोकाठ?" जांदिरानं विचारलं. "मी ती गळ्यापर्यंतच भरली होती."

सेउ बेलार्मिनो व्हिनेगरच्या ग्लासाकडे बघत होते. फेस आता बसला होता. त्यांनी ग्लास खिडकीच्या उजेडात धरला.

"गिल्मार सुटला," ते म्हणाले. "खाणीतली चुनखडी विरघळली, की तळाला रेती उरते. इथं रेती नाही. हे बघा काय तरंगतंय."

व्हिनेगरमध्ये पापुद्रे तरंगत होते. कांद्याच्या आतल्या सालीहून पातळ, तांदळाच्या दाण्याएवढे, पांढरट. अंडं उकडून सोलताना नखाला चिकटतो, तोच पापुद्रा.

"अंड्याचं टरफल," मी म्हटलं. "कच्चं. न भाजलेलं."

आणि कच्च्या टरफलांची भुकटी या कारखान्यात एकाच माणसाच्या कपाटात होती. ती माझ्यासमोर दोन स्वेटर घालून उभी होती.

४

"गिल्मार म्हणेल, भट्टी लावायचा कंटाळा केला," जांदिरा हळू आवाजात म्हणाली. "किंवा म्हणेल, भट्टी कधी लावलीच नव्हती. आणि तुम्ही काय म्हणाल, सेउ बेलार्मिनो?"

"मी म्हणेन, तुझी कच्ची भुकटी दाखव."

तिनं कपाट उघडून डबा काढला. दुसऱ्या ग्लासात पुन्हा व्हिनेगर, पुन्हा फसफस. आम्ही तिघंही वाकून बघत बसलो. फेस बसला. पापुद्रे नाहीत. जांदिरा दळायच्या आधी प्रत्येक टरफल आतून सोलून काढते. मी तिला तासन् तास ते करताना पाहिलंय आणि त्यावरून चिडवलंयही.

"तुझा माल नव्हे," सेउ बेलार्मिनो म्हणाले.

मग त्यांनी पहिला ग्लास पुन्हा उचलला. "दोना लुर्देस, तुमची नजर तरणी आहे. पापुद्र्यांच्या खाली, तळाला ते पिवळं काय आहे?"

बारीक पिवळे कण होते. टरफल पिवळं नसतं. मी चमच्यानं ते कण बशीत घेतले. कशाचे असतील? भुसा? गंधक? हाताला लागले तर पिठासारखे वाटले. आणि पीठ म्हटल्यावर माझे पाय आपोआप कपाटाकडे गेले. तेल तपासायला आयोडीन लागतं, ते माझ्याकडे कायम असतं. एक थेंब टाकला. बशीतले कण निळेजांभळे झाले.

"मका," मी म्हटलं.

"मक्याच्या जात्यात टरफल दळलंय," सेउ बेलार्मिनो म्हणाले. "आता या कारखान्यात मक्याचं जातं कुठं आहे ते मला विचारू नका, कारण मी रोज कॅन्टीनमध्ये त्या जात्यावरच्या मक्याच्या पिठाची पोलेंता खातो."

जांदिरा खाली बसली. "नाही," ती म्हणाली. "ती असं करणार नाही. तिच्याइतकं प्रेम माझ्यावर इथं कुणी केलं नाही."

"मी कुठं म्हटलं, केलं ते प्रेमानं केलेलं नाही म्हणून? चला, मला भूक लागली आहे."

५

कॅन्टीन रिकामं होतं. जेवणाला अजून वेळ होता. मधल्या टेबलावर ती परात. भोपळ्याचे नारिंगी चौकोनी तुकडे, वरून साखरेनं चमचमणारे. ओतिलियानं आमची तोंडं बघितली आणि पुसायचं फडकं हातातच राहिलं.

"नापास झाली का गं?" तिनं मला विचारलं.

सेउ बेलार्मिनोंनी एक तुकडा उचलून दातांखाली धरला. कुडुम. बाहेरचं कवच फुटलं आणि आतला मऊ भोपळा त्यांच्या जिभेवर आला असणार, कारण त्यांनी क्षणभर डोळे मिटले.

"दोना ओतिलिया, हे कवच असं फक्त चुन्याच्या निवळीनं येतं ना?"

"मग काय? कापलेला भोपळा निवळीत बुडवून ठेवायचा. त्याशिवाय पाकात टिकतोय होय! माझ्या आजीपासून हेच चालत आलंय."

"आणि चुना कुठला घेतलात? दुकानातला?"

"शी! दुकानात हल्ली गवंड्यांचा मिळतो, अर्धा रेतीचा. तो मी पोरीच्या तोंडात घालीन? माझाच वापरला."

"तुमचा?"

"माझाच की." ती हसली. "बरणीवर माझं नाव आहे."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. तिचं हसू हळूहळू मावळत गेलं.

मग तिनं सगळं सांगितलं, आणि लपवण्यासारखं काही आहे हे ठाऊक नसलेल्या माणसासारखं सांगितलं. काल सकाळी किल्ली घेतली, बरणी कॅन्टीनमध्ये आणली. परातभर भोपळ्याला बराच चुना लागला. बरणी बरीचशी रिकामी झाली. उरलेली तशीच चुलीशेजारी उघडी राहिली. वर पाण्याची किटली उकळत होती.

"पण बरणी रिकामी परत ठेवायला मी काय भिकारी आहे?" ती म्हणाली. "आमच्या घरातून शेजारणीची वाटीसुद्धा कधी रिकामी परत गेली नाही. साखर आणली तर गूळ घालून, पीठ आणलं तर अंडी घालून परत द्यायची. सकाळची टरफलं होती. पाव काढून झाल्यावर त्याच भट्टीत चांगली खरपूस वाळवली, जात्यावर दळली आणि बरणी भरली. काठोकाठ भरली. घेतलं त्याहून जास्तच दिलं."

सेउ बेलार्मिनोंनी मान डोलावली. "हिशेब जुळला. दोना ओतिलिया, पावाच्या आचेवर टरफल वाळतं. चुना होत नाही. चुना व्हायला चुनाभट्टीची धग लागते, टरफल निखाऱ्यासारखं लाल व्हावं लागतं. आणि तळाला जो थोडा खरा चुना उरला होता, तो किटलीच्या वाफेनं विरून गेला. सकाळी बरणीत बघायला गेलं तर उत्प्रेरक नव्हताच."

ओतिलियाला ते कळायला थोडा वेळ लागला. मग ती त्या बाकावर बसली आणि तिनं फडकं तोंडाशी धरलं.

"मी केलं," ती म्हणाली. "माझ्या हातानं मी पोरीचं वाटोळं केलं. इतकी वर्षं या गावाला अंडी फोडून घालतेय, माझं नाव कुणी कशावर लिहिलं नव्हतं गं. हिनं लिहिलं. मी नवऱ्याला बोलावून आणून दाखवलं होतं. म्हटलं, हिचे आभार मानायला माझ्याकडे दुसरं काय आहे, गोड तरी करून घालावं."

दारात गिल्मार उभा होता. कधी येऊन उभा राहिला कुणास ठाऊक.

"प्रयोगशाळेतला माल परवानगीवाचून बाहेर नेणं," तो म्हणाला. "नियम स्पष्ट आहे. दुपारी बैठकीत हे सांगायला लागेल. कुणीतरी एक जाणारच."

६

बैठकीत तो ते सांगायला उठला. त्याच्या आधी जांदिरा उठली.

"बरणीवर नाव मी लिहिलं," ती म्हणाली. "ज्याचं नाव त्याची वस्तू, असं कुणालाही वाटेल. खोलीची किल्ली खिळ्याला मी टांगू दिली. भुकटी पिवळट दिसली तरी तपासली नाही, तेही मीच. दोना ओतिलियाचा यात एवढाच दोष, की तिनं घेतलेलं परत दिलं. तिला ठेवणार नसाल तर मलाही ठेवू नका."

मी इतकी वर्षं त्या दालनात बसतेय, पण स्वतःची नोकरी जायची वेळ असताना कुणी दुसऱ्यासाठी जागा मागितलेली मी ऐकली नव्हती. माझे डोळे भरून आले आणि मी ते भरू दिले.

सेउ आर्नो कपाळ चोळत बसले. "दोष कुणाचा ते राहू दे. माझा प्रश्न साधा आहे. ही बरणी चालते की नाही? नवीन टरफलं गोळा करून, सोलून, भाजून तू परत कधी दाखवणार? संचालक मंडळ काय रोज जमतं?"

"नवीन कशाला?" सेउ बेलार्मिनो म्हणाले. त्यांनी बरणी टेबलावर ठेवली आणि शेजारी ती परात. "आर्नो, या बरणीत काय आहे? कच्चं टरफल आणि विरलेला चुना. दोन्ही भट्टीत घातली तर काय होईल, ते या पोरीला विचार."

जांदिरानं बरणीकडे बघितलं. पाहता पाहता तिचा चेहरा पालटला.

"चुना," ती म्हणाली. "दोन्हीचा पुन्हा कळीचा चुना होईल. पापुद्रे जळून जातील, मका जळून जाईल. सेउ आर्नो, काही वाया गेलेलं नाही! हे सगळं इथंच आहे. फक्त नीट भाजायचंय. उद्या सकाळी दाखवते. याच बरणीतलं."

"भट्टी लाव," सेउ आर्नो म्हणाले. मग परातीतला एक तुकडा तोंडात टाकून त्यांनी गिल्मारकडे बघितलं. "आणि नियमाचं म्हणशील, तर मीही आताच पुरावा खाल्ला. तूही घे."

गिल्मारनं घेतला. पित्त झालंय म्हणाला, तरी घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नरसाळ्याभोवती कालच्यापेक्षा जास्त माणसं होती. नेल्सो टाकी सोडून आला होता. ओतिलिया दाराबाहेर उभी होती. आत यायला तयार नव्हती, तेव्हा नेल्सोनं तिला खांद्याला धरून आणलं. बरणीतली भुकटी आज दुधासारखी पांढरी होती. जांदिरानं आधी चिमूटभर बशीत घेऊन चार थेंब पाणी टाकलं, आणि बशी ओतिलियाच्या हातात दिली. ओतिलियानं "आई गं!" म्हणून हात मागे घेतला. बशी तापली होती.

मग तेल, चरबी, मिथेनॉल, ढवळणं, वाट बघणं. मिश्रण नरसाळ्यात ओतलं. आधी सगळं गढूळ. सेउ आर्नोंच्या श्वासानं काच पुन्हा धुरकटली. त्यांनी पुसली, आणि तेवढ्यात तळाला काळसर काहीतरी जमायला लागलं. ते चढत गेलं, थांबलं. वर सोनेरी. मध्ये सुरीनं कापावी तशी रेघ.

"बाह!" गिल्मार म्हणाला. आमच्याकडे 'वाहवा'ला असंच म्हणतात. त्याच्या तोंडून ते निसटलं आणि मग त्याला ते परत घेता आलं नाही.

ओतिलिया रडत होती. "त्यावरचं माझं नाव काढून टाक गं पोरी," ती म्हणाली. "मी त्या लायकीची नाही."

"यातली अर्धी टरफलं तुम्ही दळलीत," जांदिरा म्हणाली. "नाव राहील." तिनं खिशातून एक लहान बरणी काढली. तिच्यातही पांढरी भुकटी होती, गच्च झाकण होतं आणि वर लिहिलं होतं: भोपळ्यासाठी.

दुपारी कारखान्याच्या मागच्या व्हरांड्यात आम्ही उन्हाला बसलो. सेउ बेलार्मिनोंनी तुंबा भरला. पहिला स्वतः घेतला, दुसरा ओतिलियाला, तिसरा मला, मग नेल्सोला, मग जांदिराला. ती दोन्ही हातांत तुंबा धरून पीत होती. सगळ्यांकडे बघत होती, आणि मला दिसत होतं, की तिच्या ओठांवर आभार अगदी येऊन ठेपलेत. काल संध्याकाळी भट्टीपाशी बसल्यावर मी तिला ती आभारांची गोष्ट सांगितली होती. ती इतकी हसली होती, की तिला ठसका लागला.

नळीतून शेवटचा घोट वाजला. तिनं तुंबा सेउ बेलार्मिनोंना परत दिला. एक शब्दही बोलली नाही.

सेउ बेलार्मिनोंनी थर्मास हलवून बघितला. पाणी अजून बरंच होतं.